वाचकांचे प्रश्न : रायफलीचा सराव, हरणांचा माग आणि कायदा

या महिन्याच्या टपालात बंदुकीविषयीची चार पत्रे आली आहेत आणि त्यांतले प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की ती एकत्र घेणेच सोयीचे ठरेल. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, वय ३४, नोकरी हिंजवडीत. माझे मेहुणे स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसजवळ राहतात. त्यांच्या ओळखीच्या एका इस्टेटीवर पुढच्या वर्षी हरणाच्या शिकारीसाठी त्यांनी मला बोलावले आहे. जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे मी कधी बंदूक हाताळलेली नाही. पुण्यात रायफल शिकता येईल का? महाराष्ट्रात परवाना काढून कोठे हरणाची शिकार करता येते का? आणि तिकडे जाण्यापूर्वी मी काय तयारी करावी?

उत्तर : आपल्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचे उत्तर सर्वांत छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. महाराष्ट्रातच काय, भारतात कोठेही हौसेखातर हरीण मारण्याचा परवाना मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या नवव्या कलमाने अनुसूचींत नोंदलेल्या प्राण्यांच्या शिकारीस बंदी घातली आहे आणि चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा हे सगळे त्या अनुसूचींत आहेत. प्राणी ठार झाला नाही म्हणून सुटका होत नाही. पकडणे, सापळा लावणे, हाकून आणणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास, किंवा अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास, किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास होतो, शिवाय दंड वेगळा. आधीच्या पिढ्यांकडून ऐकलेल्या शिकारीच्या गोष्टी खऱ्या असतील, पण त्यांचा काळ संपून अर्धशतक लोटले आहे. ‘आपल्या ओळखीचे शेतघर आहे, रात्री जीपने जाऊ’ असे सांगणारा कोणी भेटला, तर तो आपल्याला तुरुंगाच्या वाटेवर नेतो आहे, एवढे ओळखून त्याची संगत सोडावी.

रायफल मात्र पुण्यात उत्तम शिकता येते. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे आणि शहराच्या निरनिराळ्या भागांत १० मीटरच्या खासगी रेंजही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे व उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यामागचा बराचसा सराव बालेवाडीतच झाला होता. त्यामुळे या शहरात चांगला प्रशिक्षक मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते पहिले दोन-तीन महिने कंटाळा न करता काढणे.

सुरुवात एअर रायफलीनेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी स्कॉटलंडमध्ये आपल्या हाती येणारे हत्यार अगदी निराळे असले तरी. एअर रायफलीत दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. धक्का जवळजवळ नसतो आणि आवाजही बेताचा असतो. मोठ्या रायफलीने सुरुवात करणारा नवखा माणूस पहिल्याच धक्क्याला दचकतो आणि त्यानंतर चाप ओढण्याआधीच डोळे मिटून खांदा आक्रसून घेऊ लागतो. ही खोड एकदा अंगात मुरली की काढणे फार कठीण असते. एअर रायफलीवर ती लागतच नाही, आणि नेम चुकला तर दोष धक्क्यावर ढकलताही येत नाही. १० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे असते, आणि त्याच्या आसपास छर्रे पडू लागेपर्यंत आपल्या शरीरातली प्रत्येक अस्वस्थता कागदावर उमटलेली दिसते.

पहिल्या आठवड्यांत प्रशिक्षक आपल्याला फारसे नेम मारू देणार नाही, त्याचा राग मानू नये. रायफल भरलेली नाही याची खात्री कशी करायची, नळीचे तोंड सतत लक्ष्याच्याच दिशेला कसे ठेवायचे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर कसे ठेवायचे, हे आधी हाडीमासी खिळावे लागते. त्यानंतर उभे राहणे. उभ्या स्थितीत रायफलीचे वजन दंडाच्या स्नायूंवर घ्यायचे नसते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या डाव्या हाताचे कोपर बरगड्यांना किंवा कमरेच्या हाडाला टेकलेले असते आणि भार हाडांवरून थेट जमिनीत उतरतो. नेम धरून क्षणभर डोळे मिटावेत आणि उघडावेत. नळी लक्ष्यापासून डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर हातांनी ती ओढून आणू नये, पाऊल किंचित हलवून सगळे शरीर वळवावे. श्वास अर्धा सोडला की पुढचा श्वास घेण्याआधी काही सेकंदांचा नैसर्गिक विराम येतो, चाप त्या विरामात दाबायचा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नेम खाली उतरवण्याची ही सवय नवशिक्याला कमीपणाची वाटते. मी तिला या खेळातले सर्वांत मोलाचे कौशल्य मानतो, आणि स्कॉटलंडच्या डोंगरावर ती आपल्याला फार उपयोगी पडेल.

सुरुवातीला गुणांकडे पाहू नका, पाच-पाच छर्र्यांचा पुंजका पाहा. पुंजका घट्ट पण एका बाजूला पडत असेल तर दोष साइटचा, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरण्याच्या साधनाचा, आहे आणि तो दोन खटक्यांत दुरुस्त होतो. पुंजका विखुरलेला असेल तर दोष आपला आहे.

स्वतःची रायफल घेण्याची घाई नको. आयात केलेली स्पर्धेची एअर रायफल लाखांच्या घरात जाते आणि ताठ कॅनव्हासचे जॅकेट, पँट, बूट यांचा खर्च वेगळा. पहिले काही महिने क्लबची साधने पुरेशी असतात. पुढे ५० मीटरच्या .२२ (इंच नळीच्या) रायफलीकडे वळावेसे वाटले, तर ते अग्निशस्त्र असल्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात. स्वतःच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेतलेले हवे आणि पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागतो. आपल्या कामासाठी या वाटेने जाण्याची गरज मला दिसत नाही. क्लबच्या देखरेखीखाली .२२ वर पालथे झोपून थोडा सराव मिळाला तर जरूर घ्यावा, कारण डोंगरावरचा नेम बहुधा पालथे पडूनच धरावा लागतो.

आता माग काढण्याविषयी. हरणाच्या शिकारीत गोळी हा शेवटचा, अगदी छोटा भाग असतो; त्याआधीचे चार-सहा तास चालणे, दुर्बिणीतून पाहणे, वारा ओळखणे आणि रांगणे यांत जातात. हा भाग आपल्याला बंदुकीशिवाय पुणे जिल्ह्यात शिकता येईल, आणि तोही कायद्याच्या चौकटीत. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. सुमारे पाच चौरस किलोमीटरच्या त्या माळरानावर चिंकारा दिसतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य त्याहूनही लहान आहे. चिंकारा आणि काळवीट हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हरणांच्या कुळातले नव्हेत. त्यांची शिंगे कायमची असतात, हरणांची दरवर्षी गळून नवी येतात. पण उघड्या रानात मान वर करून पाहण्याची त्यांची रीत आपल्याला हवा तो धडा देते. परवानगी असलेल्या वाटेवरच थांबा, वनखात्याचा वाटाड्या सोबत घ्या आणि दुर्बीण लावून तासभर एकाच कळपाकडे पाहा. चरणाऱ्या कळपात पहारा कोण करते, कोणत्या हालचालीने माना वर येतात, शेपटी केव्हा हलू लागते, वारा आपल्या पाठीमागून वाहू लागला की कळप किती अंतरावरून सावध होतो, हे सगळे वहीत लिहून ठेवा. त्यांना उठवून पळवायचे मात्र नाही, तोही त्रास देण्याचाच प्रकार आहे. वाऱ्याच्या अभ्यासासाठी तर इतके लांब जाण्याचीही गरज नाही. वेताळ टेकडीवर सकाळी चिमूटभर राख किंवा टाल्कम पावडर सोडून पाहिली, तर एकाच उतारावर वारा किती वेळा फिरतो ते कळते.

आणि चालण्याचा सराव. स्कॉटलंडच्या डोंगरांना उंची फार नाही, पण जमीन ओली, दलदलीची आणि हेदरच्या झुडपांनी भरलेली असते. पावसाळ्यात सिंहगड पाठीवर ओझे घेऊन नियमित चढला तरी पुष्कळ तयारी होईल. वर पोहोचल्यावर, छाती भात्यासारखी हलत असतानाच, श्वास किती वेळात ताब्यात येतो ते घड्याळ लावून पाहावे. रेंजवर हे कोणी शिकवत नाही.

तिकडचा कायदा थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये रायफल बाळगण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. खासगी जमिनीवर जमीनमालक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती सोबत असेल, तर १७ वर्षांवरील पाहुण्याला त्यांची रायफल तेथल्या तेथे वापरता येते. आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी हाच सरळ मार्ग आहे. इथून शस्त्र नेण्याचा विचारही करू नका. हरणांसाठी गोळीचे वजन, वेग आणि ऊर्जा यांच्या किमान मर्यादा कायद्याने ठरवल्या आहेत, धनुष्यबाणाने शिकार करण्यास मनाई आहे आणि रात्री गोळी झाडण्यासही विशेष परवानगीशिवाय बंदी आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये नर हरणांसाठीचा बंद हंगाम रद्द केला. मादीसाठी तो आहे, कारण पाडसे आईवर अवलंबून असतात. तारखा मेहुण्यांकडून त्या वर्षीच्या पाहून घ्याव्यात.

डोंगरावर आपल्यासोबत इस्टेटीचा व्यावसायिक माग काढणारा असेल आणि शब्द त्याचा चालेल. निघण्यापूर्वी तो आपल्याला कागदी लक्ष्यावर एक-दोन गोळ्या झाडायला सांगेल. ती औपचारिकता नव्हे. त्यात आपण दचकलो, तर हरणाच्या फार जवळ नेता आल्याशिवाय तो आपल्याला गोळी झाडूच देणार नाही, आणि ते योग्यच आहे. हरीण आपल्याकडे पूर्ण बाजू करून उभे असावे, नेम पुढच्या पायाच्या मागे हृदय-फुप्फुसांवर धरावा, त्याच्यामागे दुसरे हरीण नसावे आणि गोळी आरपार गेलीच तर ती जिरवायला डोंगराची माती असावी. आकाशाच्या रेषेवर उभ्या असलेल्या हरणावर कधीही गोळी झाडायची नाही, कारण अशी गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. गोळी लागल्यानंतर हरीण जागेवरच कोसळेल असेही नाही. कधी शंभर पावले धावून ते पडते, आणि तोवर रायफल पुन्हा भरून, जागेवरून न हलता पाहत राहावे लागते. त्यानंतर पोट साफ करणे आणि धूड खाली आणणे हेही पाहुण्याने पाहावे, जमल्यास हात लावावा. ते पाहवणार नसेल, तर मेहुण्यांना आत्ताच तसे कळवलेले बरे.

तिकडे हे चालते आणि इकडे का नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. स्कॉटलंडमधून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. हरणांना खाणारे कोणी उरले नाही, आणि त्यांची संख्या वाढली की झाडांची रोपे वाढतच नाहीत, म्हणून माणसाला ते काम करावे लागते. आपल्याकडे वाघ, बिबट्या, रानकुत्रा हे काम करतात आणि त्यांनाच भक्ष्य अपुरे पडते. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, तो कुत्र्यांवर आणि शेळ्यांवर जगतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेत नेमबाजीचे शिबिर झाल्यापासून तिने एअर रायफलीचा ध्यास घेतला आहे. परवाना लागतो का? चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सराव करता येईल का?

उत्तर : ज्या एअर रायफलीची नळी .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरची आहे आणि जिची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. १० मीटर स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. खरेदी पालकांनी अधिकृत विक्रेत्याकडून, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा देऊन करावी आणि पावती जपून ठेवावी.

गच्चीवर मात्र अजिबात नको. कठड्यावरून सुटलेला छर्रा शेजारच्या इमारतीतल्या माणसाचा डोळा फोडू शकतो. शिवाय गच्चीवर पारवे आणि कावळे येतात, आणि मुलांच्या हातातली रायफल तिकडे वळायला वेळ लागत नाही. कावळा, उंदीर अशा काही प्राण्यांना ‘उपद्रवी’ ठरवणारी जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे, हेही घरात सर्वांना माहीत असावे. घरी करायचा सराव छर्र्याविना असतो. रिकाम्या भिंतीवर बारीक काळा ठिपका चिकटवून फक्त नेम आणि चाप, रोज पंधरा मिनिटे. चांगले नेमबाजही हा सराव कधी सोडत नाहीत.

अकराव्या वर्षी माझी खरी काळजी पाठीच्या कण्याची आहे. स्पर्धेच्या रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि उभ्या स्थितीत कणा मागे आणि बाजूला वाकतो. प्रशिक्षकांना रायफल स्टँडवर टेकवून सराव घ्यायला सांगा, आणि पोटा-पाठीचे व्यायाम तिच्या वेळापत्रकात आहेत का ते विचारा. जे प्रशिक्षक याला हसतील, त्यांच्याकडे मुलीला पाठवू नका. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. तिचा प्रबळ डोळा (दोन्ही उघडे असताना नेम ज्याच्यावर जातो तो) कोणता हेही पहिल्याच दिवशी तपासून घ्या. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रबळ असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि ते उशिरा लक्षात आले तर शिकलेले पुन्हा शिकावे लागते.

तिला सांगण्यासारखी नावे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे पडून) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही एक मराठी गृहस्थ होते, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते.

प्रश्न : भोर तालुक्यात आमची भातशेती आहे. रानडुकरे दरवर्षी पीक उधळतात. पुण्यातले काही रायफल क्लबचे तरुण ‘आम्ही येऊन डुकरे मारतो’ म्हणतात. बोलवावे का?

उत्तर : बोलावू नये. पीक वा जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याविषयी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात तरतूद आहे, पण आदेश लेखी लागतो आणि तो वनखात्याचा अधिकृत अधिकारीच देऊ शकतो. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या आणि पीक नुकसानभरपाईचा दावा वेळेत दाखल करा. आदेशान्वये मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो, मांस वाटून घेता येत नाही. खेळासाठी परवाना मिळालेली रायफल अशा कामासाठी गावात आणणाऱ्या तरुणांचा परवानाही धोक्यात येतो आणि आपणही त्यात ओढले जाता. आपली तक्रार खरी आहे आणि सरकारी कामाची गती मला ठाऊक आहे. तरीही लेखी आदेश हाती नसताना गोळी झडली, तर पिकाच्या नुकसानीपेक्षा खटल्याचा खर्च मोठा होईल.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा पुनर्विकास होतो आहे. दिवाणखान्यात पणजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगे आहेत. नव्या सदनिकेत ती नेता येतील का, की विकून टाकावीत?

उत्तर : विकू नका, कोणाला भेटही देऊ नका, आणि वाहतूकदाराच्या टेम्पोत इतर सामानाबरोबर तर मुळीच घालू नका. सर्वप्रथम जुन्या कागदपत्रांत मालकी प्रमाणपत्र आहे का ते शोधा. वन्यजीव कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करण्याची मुदत दिली होती, आणि २००३ मध्ये ज्यांच्याकडून राहून गेले होते त्यांना आणखी एक संधी मिळाली होती. वडिलांनी किंवा आजोबांनी तेव्हा अर्ज केला असेल, तर त्याची प्रत बहुधा घरखरेदीच्या दस्तांच्या गठ्ठ्यातच सापडेल. प्रमाणपत्र पूर्वजांच्या नावावर असेल, तर वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे वारशाची माहिती द्यायची असते. ती मुदत उलटून गेली असली तरी आता स्वतःहून कळवणे हे न कळवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

प्रमाणपत्र सापडले नाही तर वकिलाच्या सल्ल्याने पुण्याच्या वनविभागाला लेखी कळवावे. प्रमाणपत्र आहे पण शिंगे ठेवायची इच्छा नाही, अशांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने ती सरकारकडे जमा करण्याची सोय केली आहे. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते आणि मोबदला मिळत नाही. वाड्याच्या विकसकाने जागा रिकामी करण्याची तारीख दिली असेल, तर हे पत्र त्या तारखेच्या बरेच आधी टपालात पडले पाहिजे, आणि पोच घेतल्याशिवाय शिंगे भिंतीवरून उतरवू नयेत.